हजारातले सात कण

0.7 टक्के. सोन्याचे नॅनोकण प्रकाशाने तापवून कर्करोगाच्या पेशी जाळण्याची सगळी चर्चा शेवटी या आकड्यापाशी अडते. टोरोंटोच्या वॉरेन चॅन यांच्या गटाने 2016 मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले. शिरेतून टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण एवढेच निघाले. हजारातले सात! उरलेल्यांतले बरेचसे यकृत आणि प्लीहा अडवून ठेवतात.

त्यामानाने पेशी मारणे सोपे. सोन्याचे गोल नॅनोकण पाण्यात आमसुलाच्या आगळासारखे लाल दिसतात, कारण ते 520 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात. पण हिरवा प्रकाश शरीरात खोल जात नाही, रक्तच तो पिऊन टाकते. म्हणून कणांचा आकार बदलून त्यांना 700 ते 900 नॅनोमीटरचा, म्हणजे इन्फ्रारेडकडचा प्रकाश शोषायला लावायचे. चेन्नईत आयआयटी मद्रासमध्ये टी. प्रदीप यांच्या गटाने 2009 मध्ये इन्फ्रारेड शोषणारी सोन्याची 'मेसोफ्लॉवर', म्हणजे फुलासारखे सूक्ष्म कण, मांडली. तो कर्करोगाचा उपचार नव्हता, पण आकारातून प्रकाश निवडण्याची करामत तीच. पुढचे काम उष्णतेचे: 42-45 अंशांना पेशी खचू लागते, 50 च्या वर काही मिनिटांत मरते.

मग उरलेल्या 993 कणांचे काय? मूत्रपिंडातून साधारण 6 नॅनोमीटरपेक्षा मोठा कण सहसा गाळला जात नाही, आणि उपचारातले कण त्याच्या कितीतरी पट मोठे. आयआयटी मुंबईचे रोहित श्रीवास्तव आणि खारघरच्या अॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्राचे अभिजित डे यांच्या गटांनी इथेच बोट ठेवले. त्यांनी चरबीच्या सूक्ष्म पिशवीवर, म्हणजे लायपोसोमवर, सोने चढवले. 2015 मध्ये 'नॅनो लेटर्स'मध्ये आलेल्या या प्रयोगात 750 नॅनोमीटरच्या लेझरने उंदरांतली गाठ पूर्ण नष्ट झाली. शिवाय कण यकृतात मोडून पित्त आणि लघवीवाटे बाहेर पडले. माझ्या मते गाठ जळण्यापेक्षा ही दुसरी गोष्ट मोलाची.

माणसांवरचा गाजलेला आकडा लहान आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या 16 रुग्णांवर सोन्याचे कवच असलेले सिलिकाचे कण वापरले होते. लेझरचा तंतू थेट ग्रंथीत घातला होता. 15 जणांचा उपचार पूर्ण झाला, आणि वर्षानंतर 13 जणांच्या उपचार केलेल्या जागी कर्करोग सापडला नाही. तंतू घालावा लागला, कारण बाहेरून टाकलेला प्रकाश जेमतेम एक-दोन सेंटिमीटरच कामाचा उरतो. तंबाखूने होणारा तोंडाचा कर्करोग मात्र उघड्यावर असतो, प्रकाश तिथे सहज पोहोचतो. आपल्याकडे संशोधनाचा पैसा आधी तिकडे वळायला हवा.

तोवर कुणी 'नॅनो सोन्याचा इलाज' म्हणून पैसे मागितले, तर आधी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला चाचणीचा क्रमांक मागा. भारतात 2009 पासून औषधांच्या चाचण्यांना ती नोंदणी सक्तीची आहे.