पट्टा मनगटाचा, जाच रात्रंदिवसाचा

पूर्वी घड्याळ कामावर निघताना हातात चढायचे आणि घरी आल्यावर फडताळात जायचे. आता स्मार्टवॉच आले. पावले, नाडीचे ठोके, झोपेचे तास मोजायचे म्हणून ते अंघोळीतही हातातून उतरत नाही. त्यामुळे घड्याळ कोणते घ्यावे याइतकाच, त्याचा पट्टा कसा असावा हा प्रश्नही महत्त्वाचा झाला आहे.

मध्यंतरी एक निवृत्त गृहस्थ मनगट दाखवायला आले. मुलाने दिवाळीत घड्याळ भेट दिले होते. दोन महिन्यांत पट्ट्याखाली लाल चट्टा उठला, खाज सुटली. त्यांनी औषधाच्या दुकानातून मलम आणून चोळले. चार दिवस बरे वाटले, मग चट्टा दुपटीने पसरला. घड्याळ मात्र हातातच! ‘‘काढले तर मोजणी बुडते हो,’’ असे त्यांचे म्हणणे.

त्रास कशामुळे?

पट्ट्याखाली घाम, साबण आणि धूळ अडकून राहते. ओली कातडी मऊ पडते आणि घासली जाऊन लाल होते. बहुतेकांचा त्रास एवढाच असतो. घड्याळ काढून जागा कोरडी ठेवली की तो कमी होतो.

दुसरा प्रकार ॲलर्जीचा. बक्कलमधील निकेल हा धातू, रबर तयार करताना वापरलेली रसायने किंवा चिकटविण्याचे पदार्थ काहींना सोसत नाहीत. २०१४ साली अमेरिकेत फिटबिट कंपनीला आपले ‘फोर्स’ हे मनगटी यंत्र त्वचेच्या तक्रारींमुळे बाजारातून परत घ्यावे लागले होते. खाज फक्त बक्कलच्या जागी येत असेल तर निकेलचा संशय घ्यावा.

तिसरा प्रकार बुरशीचा, म्हणजे गजकर्णाचा. ओलसर जागा बुरशीला आवडते. अशा वेळी स्टेरॉइड मिसळलेले मलम लावले तर खाज तात्पुरती दबते, पण बुरशी पसरत जाते. वरील गृहस्थांच्या बाबतीत हेच घडले होते. म्हणून मनाने मलम लावू नये.

पट्टा कोणता घ्यावा?

सिलिकॉनचा पट्टा धुवायला सोपा असतो, व्यायामाला चांगला. पण त्यातून हवा खेळत नाही. छिद्रे असलेला घेतल्यास घाम कमी साचतो. विणलेला नायलॉनचा पट्टा हलका असतो. वेलक्रोचा असेल तर हवा तेवढा सैल-घट्ट करता येतो आणि बक्कल टोचत नाही, म्हणून झोपताना तो सोयीचा. मात्र तो घाम शोषून घेतो. दर चार-आठ दिवसांनी साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावा. चामड्याचा पट्टा घामाने खराब होतो, आणि धातूचा जड पडतो. हे दोन्ही रात्री नकोत. अनेक घड्याळांचे पट्टे बदलता येतात. २० किंवा २२ मिलिमीटर अशी रुंदी पाहून दुसरा घ्यावा आणि दिवसाचा वेगळा, रात्रीचा वेगळा ठेवावा.

किती घट्ट?

घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा प्रकाश रक्तप्रवाह टिपतो. त्यासाठी घड्याळ कातडीला टेकलेले हवे, रुतलेले नको. पट्ट्याखाली एक बोट सहज जावे. मनगटाच्या हाडावर न बांधता बोटभर वर बांधावे. व्यायामाच्या वेळी थोडे आवळावे, नंतर सैल करावे. अंगठ्याच्या मागच्या बाजूला संवेदना पोचविणारी नस मनगटापाशी कातडीच्या अगदी जवळून जाते. पट्टा घट्ट असेल तर ती दबते आणि तिथे मुंग्या येतात, बधिरपणा जाणवतो. सकाळी पट्ट्याचा खोल वळ दिसला तर रात्री एक घर सैल करावे.

यांनी विशेष जपावे

डायलिसिससाठी ज्या हातावर फिस्टुला केला आहे, त्या हातात घड्याळ मुळीच घालू नये. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हातावर घट्ट पट्टा नको. पेसमेकर बसविलेल्यांनी लोहचुंबकाचा पट्टा टाळावा. झोपेत हात सहज छातीवर येतो, आणि चुंबक पेसमेकरपासून सुमारे १५ सेंटिमीटर तरी दूर असावे असा सल्ला दिला जातो. मधुमेहींना रुतलेले चटकन जाणवत नाही, म्हणून त्यांनी रोज मनगट डोळ्यांनी पाहावे.

सर्वांसाठी सोपा नियम असा : अंघोळीला जाताना घड्याळ काढून चार्जिंगला लावावे. हात आणि पट्टा दोन्ही कोरडे झाल्यावरच पुन्हा घालावे. अधूनमधून हात बदलावा. चट्टा उठला तर घड्याळ उतरवून ठेवावे. आठवड्यात बरे वाटले नाही, पाणी सुटले किंवा चट्टा पसरला तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

आमच्या गृहस्थांचे गजकर्ण काही आठवड्यांच्या औषधाने गेले. तेवढे दिवस घड्याळ टेबलावर होते. ‘‘पावले मोजली नाहीत, पण झोप मात्र छान लागली,’’ असे ते हसत म्हणाले. घड्याळ प्रकृतीसाठी असते. प्रकृती घड्याळासाठी नव्हे.