दहावीनंतर सरकारी की खाजगी? चंद्रपूर-गडचिरोलीतील गैरसमज आणि वस्तुस्थिती

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत अकरावी-बारावीचे पर्याय 'सरकारी' आणि 'खाजगी' अशा दोन खणांत बसत नाहीत. जिल्हा परिषदेची कनिष्ठ महाविद्यालये शिक्षण खात्याच्या कक्षेत येतात, तर शासकीय आश्रमशाळा आदिवासी विकास विभाग चालवतो. घोट आणि तळोधी (बाळापूर) येथील नवोदय विद्यालये व एकलव्य निवासी शाळा या केंद्राच्या योजना आहेत आणि तेथे सीबीएसईचा अभ्यासक्रम असतो. खाजगी संस्थांतही अनुदानित, विनाअनुदानित आणि २०१२ च्या कायद्यानुसार निघालेल्या स्वयंअर्थसहाय्यित असे प्रकार आहेत. बहुतेक गैरसमज हा फरक लक्षात न घेतल्यामुळे होतात.

खाजगी म्हणजे भरमसाट फी, हा त्यांतला सर्वांत पक्का समज. हेमलकशाची लोकबिरादरी आश्रमशाळा १९७६ साली सुरू झाली. ती चालवणारी वरोऱ्याची महारोगी सेवा समिती ही खाजगी संस्थाच आहे, तरीही भामरागड परिसरातील माडिया-गोंड मुले तेथे राहून मोफत शिकत आली आहेत. अनुदानित संस्थेत शिक्षकांचा पगार शासन देते, त्यामुळे फी नाममात्र राहते. विनाअनुदानित संस्थेत तोच खर्च पालकांच्या खिशातून जातो. खरी अडचण अशी, की एकाच इमारतीत, एकाच नावाखाली एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असू शकते. म्हणून कॉलेजचे नाव ऐकून थांबू नये. प्रवेश कोणत्या तुकडीत मिळतो आहे, हे फी भरण्याआधी विचारावे.

शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांवर अकरावीला खाजगी प्रवेश मिळेल, अशी आशाही काही पालक धरून असतात. तो कायदा ६ ते १४ वर्षे वयासाठी, म्हणजे आठवीपर्यंतच आहे आणि राखीव जागा शाळेच्या प्रवेशवर्गातच मिळतात. अकरावीला आधार आहे तो वेगळ्या नियमांचा. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा महानगरांपुरती होती. आता चंद्रपूरच्या नावाजलेल्या खाजगी कॉलेजातही गुणवत्ता आणि सामाजिक आरक्षणानुसारच यादी लागते. संस्थांतर्गत, व्यवस्थापन आणि अल्पसंख्याक कोटा तेवढा वेगळा असतो. प्रवेशासाठी देणगी मागणे १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. फी नियमनाच्या २०११ च्या कायद्यात पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला फी ठरवताना स्थान दिले आहे. पण संघाच्या बैठकीला पालकच गेले नाहीत, तर हा अधिकार कागदावरच राहतो.

जिल्हा परिषदेत मराठीतून शिकलेल्या मुलाला विज्ञान झेपणार नाही आणि इंग्रजीसाठी खाजगीच हवे, हा समज मुलांचे सर्वाधिक नुकसान करतो. राज्य मंडळाची अकरावी-बारावी विज्ञानाची पुस्तके इंग्रजीत आहेत, मग कॉलेज कोणाचेही असो. घरी गोंडी, माडिया, तेलुगू किंवा बंगाली आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलाला हा बदल दोन्हीकडे सारखाच जड जातो. फरक पडतो तो पहिल्या सहामाहीत संज्ञा मराठीत समजावून देणाऱ्या शिक्षकामुळे. नीटचा पेपर मराठीतूनही देता येतो, हेही अनेक घरांत ठाऊक नसते.

खाजगीत गुण जास्त मिळतात, असेही म्हटले जाते. राज्य मंडळाच्या दोन्ही प्रकारच्या कॉलेजांची मुले एकच प्रश्नपत्रिका सोडवतात आणि दोन्ही जिल्हे नागपूर विभागीय मंडळातच येतात. जिथे मोठी तफावत असू शकते, ती जागा म्हणजे प्रयोगशाळा. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रात प्रत्येकी ७० गुणांची लेखी व ३० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा असते. पालकांनी एकदा प्रयोगशाळेत जाऊन पाहावे: ब्युरेट स्टँडला लावलेले आहेत की कपाटात धूळ खात आहेत, नळाला पाणी आहे का, मागच्या वर्षीच्या जर्नलवर तारखा आणि सह्या नियमित आहेत का. गणित आणि भौतिकशास्त्राची पदे भरलेली आहेत का, हेही विचारावे. दुर्गम तालुक्यात सरकारी कॉलेजात पद रिकामे असू शकते, तसे खाजगीत तासिका तत्त्वावरचा शिक्षक वर्षाच्या मध्यात निघून जाऊ शकतो.

'इंटिग्रेटेड' किंवा 'टाय-अप'च्या नावाखाली कॉलेजात फक्त नाव आणि दिवसभर खाजगी क्लास, ही सोय म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात हजेरीची ७५ टक्क्यांची अट विद्यार्थ्यालाच भोवू शकते. शिवाय एमएचटी-सीईटी राज्य मंडळाच्याच अभ्यासक्रमावर बेतलेली असते: सुमारे २० टक्के भर अकरावीवर, उरलेला बारावीवर. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून ती सुटत नाही.

खाजगी कॉलेज निवडले की वसतिगृह आणि शिष्यवृत्ती गेली, हे खरे नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अकरावीपासून लागू होते आणि उत्पन्नाची व प्रवेशाची अट पूर्ण होत असेल तर मान्यताप्राप्त खाजगी संस्थेतही मिळते. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांसाठी गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर आणि चिमूर येथील प्रकल्प कार्यालयांत चौकशी करावी. नवोदयचा दरवाजाही सहावीनंतर कायमचा बंद होत नाही. रिक्त जागांवर अकरावीला निवड चाचणीने प्रवेश होतो. मुलगी एटापल्लीहून शहरात येणार असेल, तर कॉलेजआधी राहण्याची जागा ठरवणे शहाणपणाचे. राहण्याचे नीट न जमल्याने सुटलेले शिक्षण कोणत्याही निकालात दिसत नाही.

राज्याबाहेरचे महागडे कॉलेज म्हणजे डॉक्टरकीची खात्री, हा समज शेवटी सांगायचा, कारण तो सर्वांत महाग पडतो. सिरोंचाच्या पलीकडे तेलंगणा आहे आणि हैदराबाद, कोटा ही नावे आता गडचिरोलीतही घरोघरी पोचली आहेत. महाराष्ट्राच्या ८५ टक्के वैद्यकीय कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातल्या संस्थेतून उत्तीर्ण असणे, हा सर्वसाधारण नियम आहे. अपवाद आहेत, पण मुख्यतः बदली होणाऱ्या नोकरदारांच्या मुलांसाठी. अभियांत्रिकीत अधिवासावर बरीच सवलत मिळते, वैद्यकीयला नाही. चंद्रपूरला २०१५ मध्ये आणि गडचिरोलीला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथल्या राज्य कोट्याच्या जागेवर हक्क सांगायचा असेल, तर बारावी महाराष्ट्रातूनच करावी. राखीव प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांनी जात पडताळणीचा अर्जही अकरावीतच कॉलेजमार्फत पाठवावा.