मागायला न लावणारं देणं

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीला आलेला पाहुणा आधी हौद बघतो, मग तो अवाढव्य वड. चक्कीची खोली लहान, म्हणून तिथे मिनिटभर डोकावतो आणि निघतो. मी मात्र माझ्या पाहुण्यांना तिथेच जास्त वेळ उभं करतो. हर्सूलच्या बाजूच्या झऱ्यांचं पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणायचं, भिंतीत उंच चढवायचं आणि तिथून हौदात सोडायचं. त्या पाण्याच्या जोरावर खाली पात्यांचं चाक फिरायचं, त्याच्या आसाबरोबर वर जातं फिरायचं. बैल नको, माणूस नको. आणि हे सगळं कशासाठी? तर बुखाऱ्याकडून आलेले सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियात उतरलेल्या फकिरांना, वाटसरूंना, अनाथांना पीठ मिळावं म्हणून. खाम नदीच्या काठी तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी इतका खटाटोप गरिबाच्या भाकरीसाठी केला होता, ही या शहराच्या इतिहासातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट.

आज याच आवारात महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचं मुख्यालय आहे. वक्फ म्हणजे धर्मकार्यासाठी आणि गोरगरिबांसाठी कायमची बाजूला काढलेली मालमत्ता. एकदा दिली की ती परत घ्यायची नाही. जात्याला लागून हे कार्यालय असावं हा योगायोग असेल, पण शोभणारा आहे.

धर्मांनी गरिबाबद्दल काय सांगितलं, हे आपण बहुधा 'दया करा' एवढ्यात संपवतो. मुळात सांगणं त्याहून कडक आहे. इस्लाममधल्या जकातीचंच बघा. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, एवढी ऐपत वर्षभर टिकली तर शिलकीचा चाळिसावा भाग, म्हणजे शेकडा अडीच, काढायचाच. कुणाला द्यायचा तेही ठरलेलं. आठ प्रकारचे हक्कदार कुराणात सांगितले आहेत, त्यांत कर्जात बुडालेला आणि वाटसरूही येतो. इथे देणारा उपकार करत नाही. त्याच्याकडे राहिलेलं दुसऱ्याचं देणं तो चुकवतो. ईदच्या नमाजाआधी फितरा, म्हणजे गरिबाच्या सणासाठीचं दान, पोचलाच पाहिजे, कारण सणाच्या दिवशी शेजारी उपाशी राहिला तर सण कसला?

इथून पन्नासेक किलोमीटरवर पैठण. एकनाथ महाराजांच्या घरच्या श्राद्धाची कथा मराठवाड्यात कीर्तनातून पिढ्यान्‌पिढ्या ऐकली जाते. स्वयंपाकाचा वास रस्त्यावरून जाणाऱ्या अस्पृश्य कुटुंबापर्यंत गेला, लेकरांच्या तोंडाला पाणी सुटलं. नाथांनी पितरांसाठी रांधलेलं ते सगळं त्यांना बोलावून पानांवर वाढलं. मग ब्रह्मवृंद खवळला. या कथेतला चमत्काराचा भाग मी बाजूला ठेवतो. मला त्यातलं 'बोलावून वाढलं' हे महत्त्वाचं वाटतं. उरलंसुरलं दारात टाकलं नाही. पहिली पंगत त्यांची बसवली. सोळाव्या शतकात हे करायला किती छाती लागली असेल!

त्याच वाटेवरची आपल्या डोळ्यांदेखतची गोष्ट म्हणजे बायजीपुऱ्यातली रोटी बँक. हारून मुकाती इस्लामिक सेंटरने ती डिसेंबर 2015 मध्ये सुरू केली. सुरुवातीला अडीचशे सभासद. प्रत्येकाने रोज दोन ताज्या पोळ्या आणि भाजी आणून जमा करायची, आणि ज्याला लागेल त्याने सकाळी अकरा ते रात्री अकरापर्यंत कधीही येऊन न्यायची. ताजं हवं, शिळं नको, ही अट मला फार मोलाची वाटते. नावही विचार करून ठेवलेलं. बँकेतून काढताना कुणी मान खाली घालत नाही. हातावर पोट असलेली, पण हात पसरायला लाजणारी किती घरं आपल्या गल्लीबोळांत आहेत! काम मिळालं नाही त्या रात्री पोरांना पाणी पाजून झोपवतील, शेजाऱ्याला कळू देणार नाहीत.

पण पोळी आजची भूक भागवते. उद्याचं काय? याचं उत्तर महाराष्ट्राने एका भीषण वर्षात शोधलं. 'बहात्तरचा दुष्काळ' म्हटलं की आमच्याकडची म्हातारी माणसं आजही गप्प होतात. खडी फोडायला गेलेल्या बायका, झाडाला बांधलेली झोळी, कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी. त्या काळात वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना राज्यभर उभी राहिली. 1977 मध्ये कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला, आणि 2005 मध्ये देशाने तो धडा घेतला. या योजनेसाठी शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. शहरातल्याच्या पगारातून गावातल्याला काम. ज्याला आहे त्याच्याकडून, ज्याला नाही त्याच्यासाठी, आणि तेही सक्तीने. धर्म ज्याला कर्तव्य म्हणतो, ते इथे कायद्यात उतरलं. महाराष्ट्राने देशाला दिलेल्या कायद्यांत हा मला सर्वांत धार्मिक वाटतो.

बाबासाहेबांनी याहून लांबचं बघितलं. 1950 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय त्यांनी मुंबई-पुण्यात न वाढवता या मागास मुलखात काढलं. तेच आपलं मिलिंद. ज्यांच्या आईबापांना गावकीच्या शिळ्या तुकड्यांवर जगावं लागलं, त्यांची पोरं मिलिंदच्या आवारात, नागसेनवनात, पुस्तकं घेऊन बसली. तुकडा मागण्याची पाळीच येऊ नये, यासाठी याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

आता मन खट्टू करणारं. हक्क कायद्यात आला, पण तो खिडकीपलीकडे जाऊन बसला. संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 पासून आहे. विधवेला तिच्यात महिना 1500 रुपये मिळतात. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला 1750. धुणीभांडी करणारी बाई याहून जास्त कमावतेच, नाहीतर जगेल कशी? 2024 मध्ये आलेल्या लाडकी बहीण योजनेत तेवढेच 1500 रुपये अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातही मिळतात. एकाच सरकारच्या दोन योजनांत हा फरक का, हे कुणी समजावून सांगेल का? खरी निराधार ती, आणि तिच्यासाठीच दार सर्वांत अरुंद. वरून तलाठ्याचा दाखला, सेतूची रांग, आधार, पासबुक, आणि दरवर्षी हयातीचा दाखला. जिवंत असल्याचा पुरावा द्यायलाही रोज बुडवायचा.

घाटी रुग्णालयात कधी गेला असाल तर व्हरांड्यात, झाडाखाली पथारी टाकलेले नातेवाईक बघितले असतील. जालना, बीड, बुलढाण्याकडून आलेली माणसं. त्यांना डबा देणारे हात या शहरात आहेत, सगळ्या धर्मांचे आहेत, आणि त्यांच्यापुढे मी मनापासून हात जोडतो. मात्र रुग्णाच्या नावाने कुठला अर्ज भरायचा, कुठल्या खिडकीवर उभं राहायचं, हे सांगणारा माणूस त्यांना डब्याइतकाच लागतो.

म्हणून वाचकांकडे एक मागणं आहे. दिवाळीत फराळाचे डबे वाटाल तेव्हा आपल्या घरी काम करणाऱ्या, गल्लीत एकट्या राहणाऱ्या एका बाईला विचारा की तिचे कागद कुठे अडले आहेत. आणि सुट्ट्या संपून तहसील कार्यालय उघडलं की अर्धा दिवस रजा काढून तिच्याबरोबर जा.