टाकसाळीची चूक आणि काळाचा घाव

सोन्याला गंज चढत नाही. दीड हजार वर्षे मातीत पडून राहिलेले सोन्याचे नाणे धुऊन पाहिले, तर ते काल पाडल्यासारखे चमकते. म्हणूनच त्याच्या अंगावरील व्यंग केव्हाचे आहे, हे ओळखणे अवघड जाते. तांब्याच्या नाण्यावर नवा ओरखडा लालसर दिसतो आणि जुन्यात हिरवट कीट साचलेले असते. सोन्याच्या रंगावरून असा बोध फारसा होत नाही. तेथे धातूचा आकारच वाचावा लागतो. टाकसाळीत चुकलेले नाणे दुर्मिळ म्हणून संग्राहक त्याला अधिक मोल देतात, आणि लबाड विक्रेते चांगल्या नाण्यावर छिन्नी चालवून तशी ‘चूक’ तयारही करतात!

यंत्रे येण्यापूर्वी नाणी हाताने पाडीत असत. तोलून घेतलेली सोन्याची चकती ऐरणीत बसविलेल्या ठशावर ठेवीत. वरचा ठसा कारागीर हातात धरी आणि त्यावर घणाचा घाव बसे. ठशात आकृती खोल कोरलेली असे. मऊ सोने त्या खोलगट भागात शिरे आणि नाण्यावर आकृती उठून दिसे. एवढी गोष्ट ध्यानात ठेवली, की पुष्कळ कोडी उलगडतात. ठशाला तडा गेला, तर सोने त्या तड्यातही शिरते आणि नाण्यावर उंचवट्याची रेघ उमटते. ओरखडा मात्र नाण्यात खोल जातो व त्याच्या काठाशी खरवडलेले सोने उचललेले आढळते. शिवाय तडकलेल्या ठशाची रेघ त्यानंतर पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर त्याच जागी येते.

घणाचा दुसरा घाव बसताना चकती किंचित हलली, तर राजाच्या चेहऱ्यावर दोन नाके दिसू लागतात. पहिल्या छापाचे अवशेष दुसऱ्याखाली चपटे झालेले असतात. पण तेथे खरवडल्याची खूण नसते.

कडेशी तुटलेली अक्षरे अधिक फसवी असतात. कोणी कातरून सोने काढून घेतले असेल, तर नाण्याचे वजन उतरते. परंतु ठसाच चकतीहून मोठा असेल, तर अक्षरे बाहेर राहूनही वजन पुरे भरते. निवाडा तराजू करतो. १९४६ मध्ये राजस्थानातील बयाना गावाजवळ गुप्त राजांच्या सुवर्णनाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यातील १,८२१ नाण्यांचा अभ्यास डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांनी केला व १९५४ मध्ये त्यांची सूची प्रसिद्ध झाली. गुप्तांच्या नाण्यांवर कडेने संस्कृत लेख असतो, पण तो एका नाण्यावर क्वचितच पुरता उतरतो. एकावर जे अक्षर चकतीबाहेर राहिले, ते दुसऱ्यावर सापडते. अशी अनेक नाणी शेजारी ठेवूनच तो लेख जुळवावा लागतो.

महाराष्ट्रात व्हेनिसच्या डुकाट नाण्यांना पुतळी म्हणत व त्यांची माळ करून स्त्रिया गळ्यात घालीत. साडेतीन ग्रॅम वजनाच्या या नाण्याला टोच्याने भोक पाडले, की सोने पलीकडे ढकलले जाते आणि तेथे कंगोरा उठतो. कडी डाकाने जोडली असेल व पुढे काढून टाकली असेल, तर कडेवर निराळ्या रंगाचा ठिपका उरतो. ही टाकसाळीची चूक नव्हे. व्यापारी तिला दोष म्हणतो. पण ते नाणे कोठे पोहोचले व कोणाच्या अंगावर वावरले, हे त्या ठिपक्यावाचून कसे कळणार?

तमिळनाडूतील पुदुकोट्टई येथे १८९८ मध्ये ५०१ रोमन सुवर्णनाणी मिळाली. त्यांतील बहुतेकांवर सम्राटाच्या मस्तकावरून आडवा छेद गेलेला आहे. खूण पुन्हापुन्हा त्याच जागी आली, म्हणून ती ठशाची असावी, असा येथे भास होतो. पण ती रेघ उंच नाही, खोल आहे. आणि तिची दिशा व खोली प्रत्येक नाण्यावर वेगळी आहे. म्हणजे हे घाव नाणी टाकसाळीबाहेर पडल्यावर, एकेक नाणे हाती घेऊन, जाणूनबुजून घातलेले आहेत. ती पुन्हा चलनात येऊ नयेत, केवळ सोने म्हणून तोलली जावीत, यासाठी तसे केले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.