ओलांडच्या रस्त्यावर अब्बांसोबत एक दिवस

अम्मीच्या इंतकालानंतर अब्बा कोकणातल्या घरात एकटेच राहत होते. वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखरे, आणि घर सात खोल्यांचे. गावातल्याच एकाने घराला गिऱ्हाईक आणले होते. माझे आणि धाकट्या भावाचे मत पडले की घर विकावे आणि अब्बांनी पनवेलला माझ्याकडे यावे. अब्बा ना हो म्हणत, ना नाही. गेल्या जूनमध्ये भावाने आम्हा दोघांना महिनाभरासाठी स्वीडनला बोलावले. "इथे निवांत बोलू," तो म्हणाला.

भाऊ राहतो ते कालमार हे स्वीडनच्या आग्नेय किनाऱ्यावरचे जुने शहर. समोर अरुंद सामुद्रधुनी आणि तिच्यापलीकडे ओलांड बेट. एका शनिवारी भावजयीने पराठे, उकडलेली अंडी, खिमा आणि चहाचे दोन थर्मास भरले, मागच्या सीटवर चटई टाकली आणि आम्ही साडेआठला निघालो. "आज घाई नाही. अब्बा म्हणतील तिथे गाडी थांबेल," भावाने आधीच जाहीर केले होते.

पहिला थांबा अब्बांनी जिथे सांगितला तिथे गाडी थांबवता येत नाही. तो होता पूल. 6072 मीटर लांबीचा हा पूल 1972 साली खुला झाला, तेव्हा युरोपात एवढा लांब पूल दुसरा नव्हता. कालमारच्या बाजूला तो उंच चढतो, कारण खालून जहाजे जातात. मग उतरून पाण्याच्या जवळून सरळ बेटाकडे धावतो. अब्बांनी तरुणपणी खलाशी म्हणून जगभरचे पाणी पाहिले आहे. ते खिडकीला नाक लावून बसले होते. "पूल नव्हता तेव्हा?" त्यांनी विचारले. "तेव्हा फेरीबोट," भाऊ म्हणाला. "आपल्यासारखीच तर," अब्बा म्हणाले.

ओलांड हे स्वीडनचे दुसऱ्या क्रमांकाचे मोठे बेट. लांबी जवळजवळ 137 किलोमीटर, पण रुंदी जास्तीत जास्त 16 किलोमीटर. म्हणजे आपल्या कोकणपट्टीसारखेच लांबच लांब आणि चिंचोळे. दोन्ही टोके एका दिवसात गाठता येतात, पण मग दिवस गाडीतच जातो. आम्ही फक्त दक्षिणेचा फेरा ठरवला होता. पश्चिम किनाऱ्याने खाली जायचे, दक्षिण टोकाला वळसा घालायचा, पूर्व किनाऱ्याने वर यायचे आणि बोर्गहोल्म गावावरून पुलाकडे परतायचे. सगळे मिळून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास.

पुलापासून दक्षिणेला लागलो की डाव्या हाताला माळ सुरू होतो. त्याला स्तूरा आल्वारेत म्हणतात. चुनखडीचा सपाट खडक, त्यावर मातीचा पातळसा थर, झाड क्वचित. जूनमध्ये खडकाच्या फटीफटीतून बारीक पिवळी फुले उमललेली होती. अब्बा गाडीतून उतरले, चपलेने खडक टोकरून पाहिला आणि म्हणाले, "हा तर आपला सडा!" खरेच. दगड वेगळा, आपला जांभा आणि इथली चुनखडी, पण उघड्या खडकावर जीव धरून उगवायची रीत तीच.

या माळाची एक गोष्ट भावाने सांगितली. हजारो वर्षे इथे गुरे आणि मेंढ्या चरत आल्या, म्हणून माळ मोकळा राहिला. चराई थांबली की काटेरी झुडपे वाढतात आणि फुलांची जागा घेतात. म्हणून आजही इथे मुद्दाम गुरे चारतात. माळ, त्याच्या कडेची शेते आणि एका ओळीत वसलेली गावे मिळून दक्षिण ओलांडचा हा भाग युनेस्कोने 2000 साली जागतिक वारसा ठरवला. "म्हणजे माणूस राहिला तरच जमीन राहते," अब्बा म्हणाले. भावाने माझ्याकडे पाहिले. दोघेही काही बोललो नाही.

पुढे येट्लिंगे येथे रस्त्याच्या कडेलाच जुने कब्रस्तान आहे. इसवी सनाच्या आगेमागेच्या शतकांतल्या लोकांच्या या कबरी जवळजवळ दोन किलोमीटर पसरलेल्या आहेत. काही ठिकाणी उभे दगड नावेच्या आकारात मांडले आहेत, दोन्ही टोकांना उंच आणि मध्ये लहान. अब्बा त्या दगडी नावेभोवती सावकाश एक चक्कर मारून आले. "दर्यावर्दीच असणार," एवढेच म्हणाले.

दुपारी दक्षिण टोकाला पोहोचलो. इथे ‘लोंगे यान’ म्हणजे लांबडा यान नावाचा दीपस्तंभ उभा आहे. 1785 साली बांधलेला, 41.6 मीटर उंच, स्वीडनमधला सर्वांत उंच. पांढरा रंग आणि कमरेला काळा पट्टा. रशियन युद्धकैद्यांकडून तो बांधून घेतला असे सांगतात. अब्बा खाली उभे राहून बराच वेळ वर पाहत होते. मग म्हणाले, "चौऱ्याहत्तर साली आमची मालवाहू बोट स्टॉकहोमला जात होती. रात्री माझा पहारा होता. डाव्या हाताला एक दिवा लागत होता, विझत होता. हाच असेल. तेव्हा तुमची अम्मी नवी नवरी होती, घरी एकटी. मी त्या दिव्याकडे बघत तिला मनातल्या मनात खत लिहीत होतो."

ही गोष्ट आम्ही दोघांनी पहिल्यांदाच ऐकली.

स्तंभावर चढायला 197 पायऱ्या आहेत. भाऊ आणि भावजय चढले. मी अब्बांसोबत खाली चटई टाकली. जोहरची वेळ झाली होती. कोकणात आपण नमाजला उभे राहतो ते पश्चिमेकडे, समुद्राकडे तोंड करून. स्वीडनमध्ये किब्ला आग्नेयेला. पण या टोकावर आग्नेयेलाही समुद्रच. "बोटीवर तर रोज दिशा बदलायची," अब्बा हसत म्हणाले.

जेवताना समोरच्या खडकांवर सील मासळीच्या आशेने पडून होते आणि डोक्यावर पक्ष्यांची ये-जा चालली होती. इथल्या ओत्तेनबी गावाजवळ 1946 पासून पक्षी-निरीक्षण केंद्र चालते. स्थलांतर करणारे पक्षी अलगद पकडून त्यांच्या पायात नंबराचे कडे घालतात आणि सोडून देतात. तोच पक्षी पुढे कुठे सापडला की त्याचा प्रवास कळतो. "जाणाऱ्याच्या पायात कडे घातले की तो परत येतो का?" अब्बांनी विचारले. वरून धापा टाकत उतरलेला भाऊ म्हणाला, "येतो अब्बा. पण कड्यामुळे नाही."

इथे एक सूचना करते. क्रोपकाकोर हा बटाट्याचा उकडलेला गोळा ओलांडची खासियत आहे, पण त्याच्या सारणात बहुधा डुकराचे मांस असते. तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नये. घरचा डबा सर्वांत बरा. मात्र रस्त्याकडेची स्ट्रॉबेरी जरूर घ्यावी. शेताच्या फाटकापाशी टेबलावर फळे मांडलेली असतात आणि शेजारी पैशांची पेटी. विकणारा कुणीच नसतो. अब्बांनी पैसे दोनदा मोजून टाकले.

पूर्वेच्या रस्त्याने वर येताना गावे शांत, घरे रंगवलेली, पण कितीतरी खिडक्या बंद. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या बेटावरची हजारो माणसे पोटासाठी अमेरिकेला गेली. खडकाळ जमीन सगळ्यांना पुरेना. आज अनेक घरे फक्त उन्हाळ्यात उघडतात. आपल्या गावांत आखाताची आणि मुंबईची माणसे मे महिन्यात दारे उघडतात, तसेच.

लेरकाका येथे रस्त्यालगत लाकडी पवनचक्क्या ओळीने उभ्या आहेत. एका जाड खांबावर अख्खी चक्की तोललेली असते, आणि मागचा लांब दांडा ढकलून ती वाऱ्याकडे फिरवतात. एकेकाळी बेटावर अशा सुमारे 2000 चक्क्या होत्या. ज्याच्या त्याच्या शेताची आपली चक्की. आज साडेतीनशेच्या आसपास उरल्या आहेत.

"यात पीठ दळतात?" अब्बांनी विचारले.

"नाही."

"मग पाती नवी कशी?"

"मालक दुरुस्त करतात. कुठे गावातली मंडळी मिळून करतात."

अब्बा खांबावर हात ठेवून उभे राहिले. मग आमच्याकडे न वळता म्हणाले, "घर विकायचे नाही. पीठ येत नसेल तरी चक्की उभी राहू दे. पावसाळ्याचे चार महिने मी पनवेलला राहीन, जिना चढवत नाही हे खरे आहे. पण दिवाळीनंतर मला गावी सोडायचे. आणि तुम्ही दोघांनी मे महिन्यात मुलांना घेऊन यायचे. दरवर्षी. कौले कोण फिरवणार, ते तुम्ही ठरवा."

भाऊ म्हणाला, "कौलांचा खर्च माझा." मी म्हटले, "आणि गडी मी बघते." घराच्या गिऱ्हाइकाला काय सांगायचे हा प्रश्न उरलाच नाही.

परतीला बोर्गहोल्मच्या भव्य पडक्या किल्ल्याजवळ शेवटचा चहा घेतला. 1806 च्या आगीत छप्पर गेलेला हा किल्ला आजही बिनछपराचा उभा आहे. जवळच सोल्लिदेन हा राजघराण्याचा उन्हाळी महाल. साडेनऊ उलटले तरी उजेड होता. पुलावर चढलो तेव्हा अब्बा झोपले होते, मांडीवर स्ट्रॉबेरीचा रिकामा डबा.

यंदाच्या मेमध्ये आम्ही सगळे गावी होतो. कौले फिरवून झाली. भावाच्या लेकीने अंगणात दगडांची एक नाव मांडली आहे. ती कुणी हलवायची नाही, अशी अब्बांची सक्त ताकीद आहे.