काल चकल्या पाडल्या, आज बोटं वळेनात

सकाळी उठल्यावर मूठ मिटत नाही. सांडशीने चहाचं पातेलं उतरवणं अवघड, मग कणीक मळणं दूरच. अकराच्या सुमारास हात जरा सैल होतात, तोवर घरातलं कुणीतरी म्हणून जातं, ‘‘काल तर चकल्या पाडल्यास, आज काय झालं?’’ ऱ्हुमॅटॉइड संधिवात झालेल्या बाईला हा प्रश्न सांध्यांहून जास्त ठणकतो.

हा आजार बायकांना पुरुषांच्या दोन-तीन पट होतो. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. औषधं वेळेत सुरू झाली तर सांधे वाकडे होणं बऱ्याच अंशी टळतं. पण आज बरं, उद्या अंथरुणात, हा लहरीपणा मनाला पोखरतो. लग्नाला येते म्हणून कळवायचं तरी कशाच्या भरवशावर? बाहेरून काही दिसत नाही, म्हणून लोकांना सोंग वाटतं. मग ते खोडून काढायला ती बऱ्या दिवशी माळा, डबे, पडदे सगळं उरकते आणि पुढचे दिवस झोपून काढते. काहीजणी याउलट दुखेल या धास्तीने हालचालच सोडतात. स्नायू अशक्त होतात आणि दुखणं वाढतं.

या रुग्णांत नैराश्यही बरंच आढळतं. त्याचं कारण केवळ ‘मनाला लावून घेणं’ नव्हे. सांधे सुजवणारी रसायनं मेंदूवरही परिणाम करतात, थकवा आणि उदासी आणतात. म्हणून ‘मन खंबीर ठेव’ हा सल्ला मला क्रूर वाटतो.

मग उपयोगी काय पडतं? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस संधिवाताच्या रुग्णांसाठी व्यायाम आणि दुखणं सांभाळणं शिकवणारे वर्ग सुरू केले. शिकवणारे सामान्य लोक, त्यांतले अनेक स्वतः संधिवाताचे रुग्ण. वेदना कमी झाल्या, पण कुणी किती व्यायाम केला याच्याशी त्याचा मेळ फारसा बसेना. ‘हे मला सांभाळता येईल’ हा भरवसा ज्यांना आला, त्यांना गुण जास्त आला. त्याच विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा या भरवशावरच संशोधन करत होते. हा भरवसा उपदेशाने येत नाही, छोट्या जमलेल्या कामांनी येतो. म्हणजे भाजी निवडताना दुखायला लागण्याआधीच थांबायचं, विसावा घ्यायचा, मग उरलेली निवडायची. बऱ्या दिवशीही हाच नेम.

घरच्यांनी एवढं करावं: कालचा हिशेब मागू नये, ‘आज कितपत जमेल?’ एवढंच विचारावं. तपासणीला गेल्यावर सांध्यांबरोबर झोप आणि उदासीबद्दलही डॉक्टरांना सांगावं. मन फारच खचलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.