नोंदवहीबाहेर राहिलेला निसर्गोपचार

मागच्या लेखांकात वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा इतिहास पाहिला. त्यातून नेमका निसर्गोपचार सुटला, आणि तोही वर्धा ज्या प्रांतात होते तिथेच. गांधीजी 1936 मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले, तेच पुढे सेवाग्राम झाले. मातीची पट्टी, कटिस्नान, एनिमा, उपवास हे उपाय आश्रमात रुळले. कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजी स्वतः करत. त्याच मध्य प्रांत-वऱ्हाडात 1947 मध्ये आयुर्वेद-युनानीच्या व्यावसायिकांसाठी कायदा झाला आणि प्रांताचे मध्य प्रदेश झाल्यावर 1951 मध्ये होमिओपॅथीसाठी. निसर्गोपचाराला दोन्हींत जागा नव्हती. महाराष्ट्राचा 1961 चा कायदाही आयुर्वेद-युनानीपुरताच, तर कर्नाटकाच्या 1961 च्या अशाच कायद्याच्या नावातच निसर्गोपचार आहे. केंद्राच्या 2020 च्या भारतीय चिकित्सा पद्धती आयोगातही आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा आहेत, योग व निसर्गोपचार नाहीत. गंमत अशी, की दवाखान्यांच्या नोंदणीचा केंद्राचा 2010 चा कायदा निसर्गोपचाराला मान्यताप्राप्त पद्धतींत मोजतो. म्हणजे दवाखान्याला कायद्याची ओळख आहे, पण आत बसून उपचार करणाऱ्याची नोंद ठेवणारी देशपातळीवरची परिषद नाही. इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची पदवी घेतलेला आणि चार दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेला, यांच्यातला फरक रुग्णाने ओळखायचा कसा?

माझे म्हणणे एवढेच, की नोंदणी ही उपचारपद्धतीला दिलेली शाबासकी नसते. उपचारकाची हद्द आखून ती मोडल्यास त्याला जाब विचारण्याची ती सोय असते. पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या मुंबईच्या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये दिलेला निकाल पाहा. होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या डॉक्टरने रुग्णाला अ‍ॅलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला. होमिओपॅथीत तथ्य किती, या वादात न्यायालयाला शिरावेच लागले नाही. ज्या पद्धतीची नोंदणी त्याच पद्धतीने उपचार करायचे, ही रेष आखलेली होती आणि ती ओलांडणे हाच निष्काळजीपणा ठरला. आता मधुमेहाच्या रुग्णाचे इन्सुलिन बंद करवून त्याला दीर्घ उपवासाला बसवणारा उपचारक कल्पा. त्याच्यावर फौजदारी होईल, ग्राहक आयोगात तक्रारही होईल. पण त्याने कुठली व्यावसायिक हद्द ओलांडली हे सांगणारी नोंदवही नाही, आणि उद्या दुसऱ्या गावात पाटी लावण्यापासून त्याला रोखणारी परिषदही नाही.

यावर डॉक्टर मंडळींचा आक्षेप असतो की सरकारी क्रमांक मिळाला की अप्रमाणित उपचारांनाही प्रतिष्ठा मिळते. आक्षेप खोटा नाही. पण प्रतिष्ठा नोंदणीची वाट पाहत थांबलेली नाही. पुण्यात राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था केंद्र सरकारनेच 1986 मध्ये सुरू केली. मान सरकारने द्यायचा आणि जबाबदारीच्या वेळी हात वर करायचे, ही आजची स्थिती अधिक वाईट. अमेरिकेत काही राज्ये परवाना देतात आणि टेनेसीत हा व्यवसायच गुन्हा आहे. दोन्हीकडे निदान रुग्णाला कायदा कुठे उभा आहे ते कळते.

सेवाग्रामच्या परंपरेतून येणारा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो : माती, पाणी, ऊन यांना परवाना कसला? हा तर माणसाला स्वावलंबी करणारा विचार. घरात कोणी पोटावर मातीची पट्टी ठेवली तर त्यात कायद्याने पडू नयेच. पैसे घेऊन परक्याच्या आजाराची जोखीम पत्करली की मात्र ते स्वावलंबन उरत नाही. शिवाय खुद्द गांधीजींवर जानेवारी 1924 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. रुग्ण रुग्णालयात कधी पाठवायचा, हे म्हणूनच नोंदणीच्या नियमांत पहिले कलम हवे. पदवी नसलेल्या जुन्या अनुभवी उपचारकांचे काय, ही अडचण खरी आहे, पण नवी नाही. मुंबई प्रांताच्या 1938 च्या कायद्याने पदवी नसलेल्या जुन्या वैद्यांसाठी वेगळी सूची ठेवली होती. तशी सूची, ठरावीक मुदत आणि मर्यादित अधिकार देऊन, इथेही करता येईल.